बोळकी बकेट

डोंगराची कड भर दुपारी घसरली आणि कुणाच्या अंगावर पडली नाही, म्हणून वस्तीला आधी हायसं वाटलं. संध्याकाळी बायका घागरी घेऊन झऱ्यावर गेल्या तेव्हा झरा जागेवर नव्हता. तिथं दगडमातीचा ढीग होता, ढिगावर एक अख्खं झाड मुळं वर करून पडलं होतं, आणि पायथ्याची जमीन नुसती ओलसर दिसत होती. एकीनं वाकून ती माती मुठीत दाबून पाहिली. बोटांच्या फटीतून थोडं गढूळ पाणी गळलं आणि थांबलं.

त्या दिवसापासून पाणी नदीवरून यायला लागलं. नदीला जाणं म्हणजे उतरताना गप्पा आणि चढताना तोंडातून शब्द नाही. वस्तीखाली सगळा काळा खडक, त्यामुळे विहिरीचं नावच नको. पाऊस लांब होता. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांनी तर पहिल्या आठवड्यातच हात टेकले. मग सगळ्यांची नजर हातवाल्याच्या अंगणाकडे वळली.

हातवाला हे त्याचं टोपणनाव. त्याच्या ट्रॅक्टरच्या मागे खोदायचा लोखंडी हात जोडलेला होता, टोकाला माती उकरून उचलायची बकेट, म्हणून तो हातवाला. पुढं त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली तरी नाव तेच राहिलं. बदलायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तोंडावर म्हणणार कोण? तो आपला उजवा हात खांद्यावरच्या टॉवेलमध्ये गुंडाळून हिंडायचा, जणू आत काही मोलाची वस्तू आहे.

झऱ्याची राखण करणारे, वस्तीला पाणी वाटून देणारे पाणीवाले काका सकाळीच त्याच्याकडे आले. अंगणात बसले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"वरचा दगडधोंडा दातवाल्या बकेटनं काढ. मग साचलेलं पाणी वाहून जायला बाजूनं अरुंद चर मार. आणि बुडाशी आलास की दात नकोत."

"एकाच बकेटनं होईल, काका. हळूच घेईन."

"हळू घेतलास तरी दात तो दातच. माझा आजा सांगायचा, झऱ्याच्या बुडाला काळी माती कुटून कुटून बसवलीय. खाली खडक आहे, पण तडकलेला. वरचा मातीचा थर फाटला की पाणी गेलं त्या फटींतून, मग बस बोंबलत. बूड कुणी पाहिलेलं नाही. माझ्या आजानंही नाही. पण आहे."

"रस्त्याच्या कामावरचं मोठं मशीन आणा मग," हातवाला म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती, काका नको म्हणतील अशी नव्हे, हो म्हणतील अशी.

"त्यांना आपल्या बुडाशी काय देणंघेणं? उकरतील आणि जातील." काकांनी त्याच्या पाठीमागच्या छपराकडे बघितलं. "तुझ्याकडं आणखी दोन बकेटा होत्या ना?"

होत्या. एक हातभर रुंदीची, चर मारायची. दुसरी चांगली चारपट रुंद, बिनदातांची, सपाट ओठाची, जमीन तासायची. पहिलीत आता सरपण होतं आणि दुसरीत कोंबड्या अंडी घालत होत्या. हातवाल्याच्या आईनं, म्हणजे म्हातारीनं, एकेकाळी तिघींना नावं ठेवली होती. अरुंद ती सुई. दातवाली ती सूनबाई, आणि हे नाव म्हातारी हातवाल्याची बायको जवळ असतानाच मुद्दाम घ्यायची. मग सूनबाईनं बिनदाताच्या बकेटीचं नाव बोळकी ठेवलं आणि सासूकडे बघून गोड हसली, कारण म्हातारीच्या तोंडात त्या वेळी एकच दात उरला होता. घरात तेव्हा असं चालायचं.

आणि बकेट बदलणं हा तर बघण्यासारखा सोहळा होता. रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा. नवरा खाली, बायको वर, लोखंडी हात हलवायच्या दांड्यांपाशी. लोखंडाचं हे धूड दोन पिनांवर लटकलेलं असतं, मनगटापेक्षा जाड पिना. बकेट सपाट जमिनीवर अशी टेकवायची की तिचा भार पिनेवर राहता कामा नये; मग घणाच्या दोन ठोक्यांत पिन बाहेर. हात उचलायचा, दुसऱ्या बकेटीच्या दोन कानांमध्ये आणून सोडायचा, आणि कानाचं भोक आणि हाताचं भोक समोरासमोर आणायचं. एवढी मोठी वस्तू केसभर हलवायची. ती दांड्याला नुसता तळवा लावायची आणि लोखंड केसभर हलायचं. भोकं जुळली की पलीकडचं आभाळ दिसायचं, एक निळी टिकली. तो ग्रीस लावलेली पिन आत सोडायचा, घण न लावता. पिन आपल्या वजनानंच आत जायची. बघणारा हातातली सायकल विसरायचा.

पहिल्या दिवशीच त्यानं तिला सांगितलं होतं, "भोकात डोळ्यानं बघायचं. बोट घालायचं नाही. कधी म्हणजे कधीच नाही." आणि बोट त्यानंच घातलं. बोळकी लावत होते, वरची पिन बसली होती, दुसरी राहिली होती. तो "थोडं खाली" म्हणाला, तिनं लोखंड खाली आणलं आणि त्याची दोन बोटं गेली. तो आधी म्हणाला की आधी बोट घातलं, बोट काढताना म्हणाला की काढायच्या आधी, हे त्या घरात कधी ठरलं नाही, कारण ठरवायला बोलावं लागलं असतं. ती त्या दिवसापासून ट्रॅक्टरवर चढली नाही. त्यानं त्या दिवसापासून बकेट बदलली नाही. मिळेल ते काम दातवालीनं करायचं आणि जे होणार नाही ते नको म्हणायचं. ती फावडं घेऊन कोपरे साफ करायची, तेही लोखंडी हात फिरेल त्याच्या पार बाहेर उभं राहून. घरी तो दाराकडे तोंड आणि घराकडे पाठ करून जेवायचा, म्हणजे तीन बोटांनी घास कसा उचलतो ते कुणाला दिसू नये. म्हातारीचे विनोदही त्या दिवसापासून बंद पडले. उरलेला एक दात मध्यंतरी पडला, तोसुद्धा कुणाला हसू न येता.

काका उठताना सुनेकडे बघून म्हणाले, "पाण्याचं काम आहे गं बाई." ती अंगण झाडत होती. झाडू थांबला, पण ती वर बघेना.

"कोंबड्यांना खुराडं बांधावं लागेल," म्हातारी आतून म्हणाली, आणि तेवढ्यावर ठरलं.

पहिले काही दिवस दातवालीचे. ढिगाला दात लागले की आतले दगड कुरकुरत बाहेर यायचे. लोखंडी हात वाकायचा, उचलायचा, वळून टाकायचा, पुन्हा वाकायचा. धुरळा असा उडायचा की हातवाल्याचं तोंड आणि डोंगर एकाच रंगाचे झाले. उलटं पडलेलं झाड त्यानं बकेटीच्या पाठीनं बाजूला लोटलं. बायको कडेचे दगड पहारेनं सुटे करून देत होती, नेहमीसारखी लांबून. दुपारी उन्हात लोखंड इतकं तापायचं की दांड्याला फडकं गुंडाळावं लागे. या कामात नाजूकपणा लागत नव्हता, आणि तो खुशीत होता. ढीग अर्धा झाला तेव्हा त्याखाली गढूळ पाण्याचं डबकं दिसलं, आणि जमलेल्या बायकांपैकी एक रडायलाच लागली.

आता सुई. दोन्ही बकेटा वस्तीतल्या शिंप्याच्या टेम्पोतून आल्या होत्या. उतारावर बकेट बदलता येत नाही, म्हणून त्यानं आधी दातवालीनंच एक तुकडा सपाट करून घेतला. मग ट्रॅक्टरचे आधाराचे लोखंडी पाय टेकवले, बकेट जमिनीवर बसवली, आणि खाली उतरून म्हणाला, "काका, वर बसा. मी सांगतो तसा दांडा हलवा."

काकांनी आयुष्यभर पाण्याची फळी वर-खाली केली होती, दांड्याचं त्यांना काय नवल? घण डाव्या हातात धरून हातवाल्यानं जुन्या पिना काढल्या. गंजानं त्या आवळून बसल्या होत्या; ठोका मारताना घण निसटायचा आणि तो पुन्हा उचलायचा, कुणाकडे न बघता. पिना निघाल्या. हात सुईच्या कानांत आला. भोकं जुळतायत का बघायला त्यानं टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, घातली.

"काका, किंचित वर."

काकांचं किंचित म्हणजे वस्तीचं किंचित. हात जो उसळला, टॉमी भोकातून सुटली आणि त्याच्या कानाजवळून गेली. मागं दगडावर आपटून तिचा आवाज झाला तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं काय होता होता राहिलं. काका दांड्यावरून हात उचलून तसेच धरून बसले, पोळल्यासारखे.

तिनं पहार टाकली. ती चालत आली, ट्रॅक्टरच्या पायरीशी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, उतरा."

ते उतरले. ती चढली. पदर खोचला, बसली, आणि हात मांडीवर ठेवून बसूनच राहिली. दांडे तिच्या समोर थरथरत होते.

"किंचित वर," तो खालून म्हणाला. मान खाली.

"हात दाखवा."

"काय?"

"हात दाखवा. दोन्ही. वर करा, मला दिसतील असे. त्याशिवाय मी हलवणार नाही."

त्यानं डावा हात वर केला.

"दुसरा."

वस्ती उभी होती. बायका घागरी कमरेवर घेऊन, शिंपी टेम्पोला टेकून, म्हातारी दगडावर बसून. तो टॉवेलमधला हात पोटाशी धरून उभा राहिला. त्याचा चेहरा धुळीखाली लाल झालेला सगळ्यांना दिसत होता. त्याला वाटलं, निघून जावं. ट्रॅक्टर इथंच सोडून सरळ नदीकडं उतरावं. ती वरून बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती, आणि ती भीती त्यानं या सगळ्या काळात एकदाही नीट पाहिली नव्हती, कारण पाठ करून बसलेल्या माणसाला काय दिसणार?

त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि उजवा हात वर केला. तीन बोटं आणि दोन खुंट उन्हात आले.

"हातवाला शरण आला," शिंपी म्हणाला. पहिल्यांदा कुणी हसलं नाही. मग म्हातारीच फिसकन हसली, आणि तिच्या मागून सगळी वस्ती. तो हात वर करून उभा होता, आणि त्याचाही ओठ एका बाजूनं हलला.

तिनं दांड्याला तळवा लावला. हात केसभर हलला. तिनं तळवा काढला. तो वाकला, भोकात डोळा लावला. "अजून जरा." पुन्हा दोन्ही हात वर. पुन्हा केसभर. मग तो वाकला आणि वाकलेलाच राहिला, कारण पलीकडं निळी टिकली दिसत होती. त्यानं पिन उचलली, ग्रीस फासलं, भोकाशी नेली. ती सर्रकन आत गेली. काका जवळ उभे होते. ते नंतर सांगत सुटले, की एवढं लोखंड एवढ्या लोखंडात जाताना आवाज झाला नाही, पाण्यात मासा शिरावा तसं गेलं. काकांना उपमा द्यायची सवय होती, पण ही खरी होती.

सुईनं चर मारला. अरुंद, सरळ, भिंती कापल्यासारख्या. डबक्यातलं गढूळ पाणी चरातून खाली वाहून गेलं आणि झऱ्याची खोलगट जागा उघडी पडली, गाळानं भरलेली. वरच्या बाजूला खडकाच्या फटीतून पाण्याची करंगळीएवढी धार येत होती. झरा मेला नव्हता. बायकांनी त्या धारेला हात लावून आपापल्या डोळ्यांना लावले.

मग बोळकी. दोघांनाही ठाऊक होतं ती कुठली बकेट आहे. तिच्या कानावर अजून एक जुना डाग होता, गंजाचाच असेल. बायकोनं "हात?" विचारलं, त्यानं दाखवले. पहिली पिन गेली. दुसऱ्या पिनेपाशी तो थांबला. "हात?" ती म्हणाली, अगदी हळू. त्यानं हात इतके उंच केले की सदरा पोटावरून वर गेला. "थोडं खाली," तो म्हणाला. तेच शब्द. तिनं डोळे मिटले नाहीत. लोखंड खाली आलं, थांबलं, निळं दिसलं, पिन गेली. तिनं मागं टेकून श्वास सोडला, तो इंजिनच्या आवाजातही त्याला ऐकू आला.

ती उतरली, तो चढला. आता गाळ तासायचा होता. बोळकीचा ओठ गाळावर आडवा ठेवायचा आणि साय काढावी तसा पातळ थर ओढून घ्यायचा. पूर्वी त्याची या कामात ख्याती होती. वरचा गाळ निघाला. त्याखालचा निघाला. मग आणखी एक ओढ घेतली आणि बकेटीचा कोपरा कशात तरी रुतला. त्यानं थांबवलं, पण लोखंड वीतभर पुढं गेलं होतं. बकेट उचलली तर खाली काळ्या मातीत एक चीर होती, आणि शेजारचं पाणी वळसा घेऊन तिच्यात शिरत होतं. आत कुठं तरी गुडगुड आवाज येत होता.

"बूड," काका म्हणाले. "बूड फाटलं."

हातवाल्यानं उडी मारली. गाळात पोटऱ्यांपर्यंत रुतत तो चिरेपाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि खांद्यावरचा टॉवेल ओढून त्या चिरेत कोंबला. हाताच्या मुठीनं ठासला. गुडगुड थांबली. तो तसाच बसून राहिला, उजवी मूठ टॉवेलवर दाबून.

बायको त्याच्याजवळ उतरली.

"मला कळलंच नाही," तो तिला म्हणाला, फक्त तिला. "पूर्वी कळायचं. बकेट टेकली, घासली, माती बदलली, सगळं दांड्यातून इथं यायचं." त्यानं जिथं बोटं नव्हती तिथं बोट ठेवलं. "आता तिथं काही येत नाही. दातवालीनं उकरताना लपून जायचं. म्हणून बकेट बदलत नव्हतो मी. तुझ्यामुळं नाही."

एवढी वर्षं जे तिनं आपल्या अंगावर घेतलं होतं ते एकदम उतरवायचं म्हणजे कुठं ठेवायचं, तिला कळेना.

"तू घे," तो म्हणाला.

"मी कधी तासलं नाही."

"मी बकेटीकडं बघायचो. तू मातीकडं बघायचीस. तुलाच जास्त येतं."

मग ते काम झालं, आणि ज्यांनी ते पाहिलं ते अजून सांगतात. ती वर दांड्यांपाशी, तो खाली गाळात, लोखंडी हाताच्या तोंडाशी. तो वाकून ओठाची जागा दाखवायचा, मागं सरायचा, दोन्ही हात वर करायचा. मग ती ओढायची. बोळकीचा रुंद ओठ त्याच्या पायांपासून दोन हातांवरून सरकत जायचा आणि गाळ वळ्यावळ्यांनी आत जमायचा. पुन्हा जागा, पुन्हा हात वर. नवऱ्याला एवढ्या लोखंडाखाली उभं करून बायको केसागणिक माती सोलत होती. शिंप्यालासुद्धा विनोद सुचेना. म्हातारी दगडावरून उठून उभी राहिली होती.

एका ओढीला गाळ वेगळाच निघाला. सालीसारखा, अख्खा. गाळ आणि बूड यांच्यामध्ये बारीक रेतीचा थर होता, त्यामुळे चिकटलेलं काहीच नव्हतं. खाली काळी, गुळगुळीत, ओली माती चकाकली. त्यानं हात वर केले ते खालीच घेईना.

"काय झालं?" ती वरून ओरडली. "अहो, काय झालं? लागलं का?"

"बंद कर," तो म्हणाला. "ये. सगळेच या. चपला काढून या."

बूड माणसांनी भरलेलं होतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत टाचा उमटलेल्या होत्या, शेकडो, एकीला लागून एक, माती तुडवून बसवताना जशा पडल्या तशा. मोठ्या रुंद टाचा, बायकांच्या निमुळत्या टाचा, आणि मध्येच कुठं तरी पोरांच्या, जी कामात लुडबुडायला आली असतील. कडेला, जिथं बूड भिंतीसारखं वर चढत होतं, तिथं हात होते. थोपटून थोपटून बसवलेले तळवे. बोटं, नखं, एका तळव्यावरची रेघसुद्धा दिसत होती. झऱ्याचं पाणी आणि रेती त्यांच्यावर कधीपासून बसून होती कुणास ठाऊक. काकांचा आजा हे पाणी प्यायला होता. त्याचाही आजा प्यायला असेल. सगळी वस्ती जन्मभर या हातांवरचं पाणी पीत आली होती आणि कुणी त्यांना पाहिलं नव्हतं.

काकांनी एका टाचेच्या ठशाशी आपली टाच नेली आणि न टेकवताच मागं घेतली. एक पोरगी आईला विचारत होती, "हे कोण?" हातवाल्याची बायको कडेच्या हातांपाशी उभी होती. तिला भीतीच वाटली, आपण आता एवढ्यात यांच्यावरून लोखंड फिरवत होतो.

"एकाही ठशाला धक्का नाही," नवरा म्हणाला. तो तिच्याकडं बघत होता, ठशांकडं नाही. "एकाही नाही गं."

फक्त त्याच्या चिरेपाशी तीनचार टाचा फाटल्या होत्या, आणि मध्ये टॉवेल होता.

चीर बुजवायला दुसऱ्या दिवशी नदीकाठची काळी माती आली. घागरीतूनच आणली बायकांनी. चढताना या वेळी तोंडं चालू होती. मातीतले खडे वेचले, पाणी घातलं, आणि तुडवायला सुरुवात झाली. कुणी शिकवलं नाही, पण टाचेनंच तुडवायचं हे आता सगळ्यांना माहीत होतं. म्हातारीनं गुडघ्यांची तक्रार बाजूला ठेवून दहा-वीस पावलं टाकली. मग टॉवेल काढून ती माती चिरेत भरली, कुटली, पुन्हा भरली, आजूबाजूच्या जुन्या बुडाशी एकजीव केली. काकांनी वरून एक ओंजळ पाणी ओतून पाहिलं. ते जागच्या जागी राहिलं, हललं नाही, आणि त्यात काकांचं तोंड दिसलं.

आता सुईनं मारलेला चर बंद करायचा, म्हणजे पाणी भरायला लागलं असतं. शेवटचा हात फिरवायला हातवाला बुजवलेल्या जागेवर वाकला होता. डाव्या हातानं थोपटत होता. उजवा सवयीनं पोटाशी होता, टॉवेल नव्हता तरी.

"तो नको," बायको म्हणाली. "दुसरा."

"त्याचा काय ठसा उमटणार?"

"दुसरा," ती म्हणाली.

त्यानं उजवा हात मातीवर ठेवला. ती शेजारी गुडघ्यांवर बसली, आपला तळवा त्याच्या हातावर ठेवला आणि सगळा भार देऊन दाबला. तिची दोन बोटं त्याच्या खुंटांच्या पुढं थेट मातीत गेली. त्यांनी हात काढले तेव्हा पाच बोटांचा ठसा उमटला होता, तीन खोल आणि दोन उथळ.

म्हातारी वाकून बराच वेळ बघत राहिली. "पुढं कधी कुणी उघडलं," ती म्हणाली, "तर म्हणतील, हे माणूस जरा विचित्रच होतं."

"म्हणू देत," सून म्हणाली. "तुमचीही टाच आहे तिथं."

चर बुजवला. खडकातली धार बुडावर उतरली. आधी टाचांमध्ये भरली, एकीतून दुसरीत, मग हातांपर्यंत चढली. तीन खोल बोटं आधी भरली, मग दोन उथळ, आणि मग सगळं एक पाणी झालं. ते निवळेपर्यंत कुणी घागर बुडवली नाही.

घरी जायच्या आधी दातवाली पुन्हा लावायची का, असं तिनं विचारलं. राहू दे बोळकीच, तो म्हणाला.

त्या संध्याकाळी ताट वाढलं गेलं तेव्हा तो दाराकडे पाठ करून बसला, तोंड घरात, दिव्याकडं. घास उचलताना भाताची शितं बोटांमधून सांडली. ती त्यानं वेचली आणि दोघींच्या समोर खाल्ली. म्हातारीनं तांब्या पुढं सरकवला. त्यात झऱ्याचं पाणी होतं.